व्हर्जिनियाचे 'पिते' आणि आईच्या नावे लिहिलेली गुलामी

#धागा #इतिहास

१/
जून महिन्याचा तिसरा रविवार जवळ आला की 'फादर्स डे'च्या निमित्ताने थोर पित्यांच्या याद्या फिरू लागतात. त्यांत अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्याचा मान मोठा असतो. राष्ट्रपिता जॉर्ज वॉशिंग्टन, राज्यघटनेचे जनक जेम्स मॅडिसन, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक थॉमस जेफरसन आणि पंधरा अपत्यांचे पिता जॉन टायलर. चौघेही व्हर्जिनियाचे, चौघेही राष्ट्राध्यक्ष.

२/
या याद्यांना माझा आक्षेप आहे, आणि तो 'पिता' या शब्दापासूनच सुरू होतो. ज्या व्हर्जिनियाने अमेरिकेला हे 'पिते' दिले, त्याच व्हर्जिनियाने हजारो माणसांचे पितृत्व कायद्याने पुसून टाकले होते. पहिली गोष्ट सांगून दुसरी गाळणे ही इतिहासाची विटंबना आहे. पुढील विवेचन त्यासाठी.

३/
आरंभ १६५५ पासून करू. एलिझाबेथ की या स्त्रीने व्हर्जिनियाच्या न्यायालयात आपल्या स्वातंत्र्यासाठी दावा लावला. तिची आई आफ्रिकी वंशाची गुलाम. वडील थॉमस की हे इंग्रज आणि वसाहतीच्या विधिमंडळाचे सदस्य. तिचा युक्तिवाद सरळ होता. इंग्लंडच्या रूढ कायद्यानुसार अपत्याचा दर्जा पित्यावरून ठरतो. पिता स्वतंत्र, म्हणून मीही स्वतंत्र. १६५६ मध्ये तिला स्वातंत्र्य मिळाले.

४/
मळेवाल्यांनी या निकालातील धोका ओळखला. डिसेंबर १६६२ मध्ये विधिमंडळाने कायदा केला: इंग्रज पुरुषापासून निग्रो स्त्रीला झालेले अपत्य गुलाम की स्वतंत्र, हे केवळ आईच्या स्थितीवरून ठरेल. शतकानुशतकांची इंग्लिश परंपरा एका ठरावाने उलटी केली गेली. यामागील रोमन तत्त्व व्यवहारात गुराढोरांना लागू होत असे. वासरू गाईच्या धन्याचे, तसे मूल आईच्या धन्याचे.

५/
या कायद्याचे दोन परिणाम नीट लक्षात घ्यावेत. गुलाम स्त्रीवर हात टाकणाऱ्या धन्याला पित्याच्या कोणत्याही कर्तव्यातून मुक्ती मिळाली. उलट त्याच्या मालमत्तेत एका माणसाची भर पडू लागली. आणि गुलाम पुरुषाला स्वतःच्या मुलावर कसलाही अधिकार उरला नाही. एकाला पितृत्व नाकारण्याची मुभा, दुसऱ्याला ते बजावण्याची बंदी.

६/
मराठीत आपल्याकडे 'जनक' आणि 'पिता' असे दोन शब्द आहेत. जन्म देतो तो जनक. 'पिता' या शब्दाचा संबंध आपली व्युत्पत्तिपरंपरा रक्षण करण्याशी जोडते. १६६२ च्या कायद्याने या दोहोंची फारकत केली. आता हा भेद मनात ठेवून जेफरसन यांच्याकडे वळू.

७/
जेफरसन यांचे सासरे जॉन वेल्स यांना एलिझाबेथ हेमिंग्ज या गुलाम स्त्रीपासून सहा अपत्ये झाली. त्यांतील धाकटी सॅली, जन्म १७७३. म्हणजे सॅली ही जेफरसन यांच्या पत्नीची सावत्र बहीण. वेल्स वारल्यावर हेमिंग्ज कुटुंब वारसाहक्काने जेफरसन यांच्याकडे आले. एक मुलगी वारस झाली, दुसरी वारशातील वस्तू. पिता मात्र एकच.

८/
पत्नी १७८२ मध्ये निवर्तली. १७८७ मध्ये चौदा वर्षांची सॅली जेफरसन यांच्या धाकट्या मुलीसोबत पॅरिसला आली. जेफरसन तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे, अमेरिकेचे वकील म्हणून फ्रान्समध्ये नियुक्त. फ्रान्सच्या भूमीवर सॅलीला स्वातंत्र्य मागता आले असते. तिचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने १८७३ मध्ये ओहायोतील एका वृत्तपत्रात आपली हकिकत दिली. तीनुसार सॅली परतण्यास राजी नव्हती. होणाऱ्या मुलांना एकविसाव्या वर्षी मुक्त करण्याचे वचन मिळाल्यावरच ती परतली.

९/
काही लेखक याला 'प्रेमप्रकरण' म्हणतात. मला तो शब्द अप्रामाणिक वाटतो. जिला नकार देण्याचा अधिकार कायद्याने नव्हता, तिच्या होकाराचा इतिहास लिहिता येत नाही. मात्र सोळाव्या वर्षी एका मुलीने आपल्या अजून न जन्मलेल्या मुलांसाठी जगातील एका बलाढ्य पुरुषाशी करार केला, ही गोष्ट लिहिता येते आणि लिहिली पाहिजे.

१०/
"पण पुरावा काय?" हा प्रश्न रास्त आहे. १८०२ मध्ये पत्रकार जेम्स कॅलेंडर याने हे प्रकरण छापले, तेव्हा ते राजकीय चिखलफेक म्हणून झटकले गेले. १९९७ मध्ये अ‍ॅनेट गॉर्डन-रीड यांनी आजवरच्या इतिहासकारांनी साक्षी कशा तोलल्या याची उलटतपासणी केली. धन्याच्या नातलगांचे शब्द प्रमाण आणि गुलामाच्या मुलाची साक्ष अफवा, हा पक्षपात त्यांनी उघड केला.

११/
१९९८ मध्ये डीएनए चाचणीत सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाचे गुणसूत्र जेफरसन घराण्याच्या पुरुषवंशाशी जुळले. ज्या भाच्यांवर दीर्घकाळ खापर फोडले जात होते, ते कार बंधू त्यातून वगळले गेले. चाचणी घराणे सांगते, व्यक्ती सांगत नाही. काही अभ्यासक आजही जेफरसन यांच्या भावाकडे बोट दाखवतात. परंतु सॅलीच्या प्रत्येक अपत्याच्या गर्भधारणेच्या काळी जेफरसन माँटिचेलोत होते, आणि तिची हयात असलेली चारही मुले पुढे मोकळी झाली. माँटिचेलो सांभाळणाऱ्या संस्थेनेही २००० मध्ये अहवाल काढून पितृत्वाची बाजू मान्य केली.

१२/
येथे 'जनक' संपतो आणि 'पिता' कोठे आहे हे शोधावे लागते. बेव्हर्ली आणि हॅरिएट १८२२ मध्ये निघून गेले. त्यांचा पाठलाग झाला नाही. मॅडिसन व एस्टन यांना मृत्युपत्राने मुक्ती मिळाली, मात्र मुलगे म्हणून नव्हे. सॅलीला कागदोपत्री मुक्ती कधीच मिळाली नाही. मॅडिसनने आपल्या हकिकतीत म्हटले आहे की, पित्याकडून पितृवत् माया आम्हा भावंडांच्या वाट्याला आली नाही; नातवंडांवर मात्र ते जीव लावत.

१३/
जेफरसन यांना कायदा ठाऊक नव्हता असे कोणी म्हणू नये. १७७० मध्ये तरुण वकील म्हणून त्यांनी सॅम्युएल हॉवेल या मिश्रवंशीय माणसाची बाजू विनामूल्य मांडली होती. निसर्गनियमाने सर्व माणसे स्वतंत्र जन्मतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला ते हरले. सहा वर्षांनी तोच विचार जाहीरनाम्यात उतरला.

१४/
आणि १८१५ चे पत्र पाहा. किती पिढ्यांच्या मिश्रणानंतर माणूस कायद्याने 'गोरा' ठरतो, याचे बीजगणित जेफरसन यांनी एका पत्रलेखकाला समजावून दिले. त्या हिशेबाने सॅलीची मुले गोरी ठरत होती. पण त्याच पत्रात त्यांनी पुस्ती जोडली की यामुळे स्वातंत्र्य मिळत नाही. ते आईच्या स्थितीवर अवलंबून असते. १६६२ चा कायदा त्यांना तोंडपाठ होता. त्याची चार जिवंत उदाहरणे त्यांच्या अंगणात वावरत होती.

१५/
१८२० मध्ये जावयाला लिहिताना ते आणखी स्पष्ट बोलले: दर दोन वर्षांनी मूल देणारी स्त्री मळ्यावरच्या उत्तम पुरुषाहून अधिक किफायतशीर. 'राष्ट्रपित्यां'पैकी एकाच्या हिशेबवहीत मातृत्व हे उत्पन्न होते. आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे त्यांच्या मालकीची होती.

१६/
"जेफरसन अपवाद, वॉशिंग्टन यांनी तर गुलाम मुक्त केले." अर्धे खरे. वॉशिंग्टन यांना स्वतःचे अपत्य नव्हते. १७९९ मध्ये माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ वॉशिंग्टन यांचे, १५३ पत्नी मार्था यांच्या पहिल्या पतीच्या, म्हणजे कस्टिस घराण्याच्या इस्टेटीचे. मृत्युपत्राने पहिले मुक्त झाले, दुसरे कस्टिस वारसांकडे गेले. दोन्ही गटांत विवाह झालेले होते. मुले आईच्या गटात मोडत. म्हणून मुक्त झालेल्या कित्येक पित्यांची मुले गुलामच राहिली.

१७/
ओना जज हिची कहाणी याच कायद्याची. वडील अँड्र्यू जज हे गोरे शिंपी. आई बेट्टी कस्टिस इस्टेटीची गुलाम. म्हणून ओनाही गुलाम. १७९६ मध्ये ती फिलाडेल्फियातील राष्ट्राध्यक्षांच्या निवासातून निसटून न्यू हॅम्पशायरला पोहोचली. 'राष्ट्रपित्या'ने तिला परत आणण्यासाठी सरकारी अधिकाऱ्याला कामाला लावले. तिने एका स्वतंत्र नाविकाशी विवाह केला, तिला तीन मुले झाली. ती मुलेही कायद्याने कस्टिस वारसांची मालमत्ता होती. ओना १८४८ मध्ये वारली, तेव्हाही कायद्याच्या दृष्टीने फरारीच.

१८/
आता सर्वांत लाडका बचाव: "ते त्यांच्या काळाची लेकरे होती." त्याच काळात, त्याच राज्यात, त्याच वर्गात रॉबर्ट कार्टर तिसरे होते. १७८२ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने धन्याला स्वेच्छेने गुलाम मुक्त करता येत होते. कार्टर यांनी १७९१ मध्ये दस्त करून सुमारे ५०० माणसांच्या मुक्तीची तजवीज केली. त्यांचा पुतळा कोणाच्या यादीत आहे?

१९/
एडवर्ड कोल्स हे जेफरसन यांचे तरुण शेजारी. १८१४ मध्ये त्यांनी जेफरसन यांना पत्र लिहून मुक्तीच्या कार्याचे नेतृत्व करण्याची विनंती केली. उत्तर आले: मी वृद्ध झालो, हे काम तरुणांचे, आपण मात्र आपले गुलाम सोडून जाऊ नये. कोल्स यांनी ऐकले नाही. १८१९ मध्ये आपल्या गुलामांना घेऊन ते इलिनॉयकडे निघाले आणि वाटेत ओहायो नदीवर त्यांना मुक्त केले. 'काळ' दोघांचा एकच होता. निवड वेगळी होती.

२०/
"जुन्या गोष्टी कशाला उकराव्यात?" यादीतील चौथ्या पित्यालाच विचारू. जॉन टायलर यांचा जन्म १७९०. त्यांच्या एका नातवाचे निधन झाले २०२५ मध्ये. हा योगायोग कौतुकाने सांगितला जातो. टायलर पुढे गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांच्या काँग्रेसवर निवडून आले होते, हे सांगितले जात नाही. आजोबा आणि नातू एवढेच ते अंतर आहे.

२१/
आपल्या मातीतील एक दुवाही येथे आहे. ज्या १८७३ मध्ये मॅडिसन हेमिंग्जने ओहायोत आपल्या जन्माची हकिकत सांगितली, त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. आणि ते त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. कोणत्या अमेरिकेला वंदन करायचे, याचा विवेक दीडशे वर्षांपूर्वीच्या एका मराठी लेखकाकडे होता. आपण तो गमावण्याचे कारण नाही.

२२/
मग व्हर्जिनियाच्या पित्यांच्या यादीत कोण हवे? माझे उत्तर: जोसेफ फॉसेट. माँटिचेलोचा लोहार, सॅलीचा भाचा. त्याची पत्नी ईडिथ राष्ट्राध्यक्षांच्या निवासात स्वयंपाक शिकत होती. १८०६ मध्ये तिला भेटण्यासाठी तो परवानगीविना वॉशिंग्टनला गेला. जेफरसन यांनी माणूस पाठवून त्याला पकडून आणवले.

२३/
जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी वारले, डोक्यावर एक लाख डॉलरहून अधिक कर्ज ठेवून. मृत्युपत्रात जोसेफला मुक्ती होती, पण वर्षभरानंतरची. पत्नीला व मुलांना नव्हती. जानेवारी १८२७ मध्ये लिलाव झाला. जाहिरातीत १३० गुलामांचा उल्लेख होता. जोसेफच्या डोळ्यांदेखत ईडिथ आणि मुले वेगवेगळ्या बोलीदारांकडे गेली. मुलगा पीटर तेव्हा अकरा वर्षांचा होता.

२४/
जोसेफ ऐरणीकडे परतला. घाव घालून मिळवलेल्या पैशातून आणि आप्तांच्या मदतीने तो आपले कुटुंब परत मिळवत गेला. १८३७ पर्यंत पत्नी, काही मुले आणि नातवंडे मुक्त झाली. पुढे कुटुंब ओहायोतील सिनसिनाटीला स्थिरावले. पीटरला स्वातंत्र्यासाठी १८५० च्या सुमारापर्यंत थांबावे लागले; नंतर तो धर्मोपदेशक झाला. कायद्याने ज्याला पिता मानले नाही, त्याने स्वतःचीच लेकरे विकत घेऊन पितृत्व सिद्ध केले.

२५/
जेफरसन यांनी आपल्या समाधीवर कोरण्याचा मजकूर स्वतः लिहून ठेवला होता. त्यात राष्ट्राध्यक्षपदाचा उल्लेख नाही. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे कर्ते, व्हर्जिनियाच्या धर्मस्वातंत्र्य कायद्याचे कर्ते, आणि तिसरे बिरुद: व्हर्जिनिया विद्यापीठाचे पिता. 'पिता' हा शब्द दगडावर कोरताना त्यांनी एका विद्यापीठाला अपत्य मानले. मॅडिसन आणि एस्टन यांच्यासाठी तो शब्द कागदावरही उतरला नाही.

२६/
जाहीरनामा थोर आहे. धर्मस्वातंत्र्याचा कायदा थोर आहे. त्या लेखणीला मी नमस्कार करतो. पण लेखणीची थोरवी माणसाच्या पितृत्वावर उधार चढवता येणार नाही. यापुढे 'व्हर्जिनियाचे थोर पिते' अशी यादी आपल्यापुढे आली, तर वाचकहो, एकच प्रश्न विचारा: यांची मुले कोण होती, आणि त्यांतली कोणती विकली गेली? उत्तर नसेल, तर खाली जोसेफ फॉसेटचे नाव लिहा आणि यादी पुढे पाठवा.

(धागा समाप्त)