पाणी पडते एकीकडे, गळती असते दुसरीकडे

आमचा नगर जिल्हा तसा अवर्षणाचा. (2024 साली नाव अहिल्यानगर झाले, पण तोंडातले ‘नगर’ अजून सुटत नाही.) अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे धो धो कोसळतो, पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे मात्र आभाळाकडे डोळे लावून बसायचे. त्यामुळे छपराकडे कुणी बघत नाही. मग सप्टेंबरात परतीचा पाऊस एका रात्रीत असा येतो की घरातली पातेली पुरत नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचण तर आणखी वेगळी. सहा महिने घर बंद, परत येईतो उन्हाळा संपत आलेला आणि मृग तोंडावर.

कुणी म्हणतो वास्तुदोष आहे, शांत करा. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे बोलणे ऐकून घेऊ नये. त्या दक्षिणेच्या पैशात दोन गोण्या सिमेंट येते.

पहिली गोष्ट, पाणी जिथे टपकते तिथेच छप्पर फुटलेले असते असे नाही. वाशावरून, सळईच्या कडेने पाणी दोन-चार हात पुढे सरकते आणि मग पडते. म्हणून खालून डांबर फासणे किंवा आतून गिलावा करणे म्हणजे पैसे पाण्यात. कोरड्या दिवशी एकाने बादली घेऊन वर जावे, दुसऱ्याने घरात उभे राहावे. पाणी खालच्या कडेपासून ओतायला सुरुवात करावी, थोडे थांबत वर वर सरकावे. एकदम वरून ओतले तर सगळेच ओले होते आणि कळत काहीच नाही.

पत्र्याचे घर असेल तर बहुतेक वेळा दोष हुकाच्या भोकात सापडतो. भोक पत्र्याच्या उंच भागावर हवे, खोलगट भागात नव्हे. वायसर कुजला असेल तर बदलावा; चार-आठ आण्यांची बचत करून बिनवायसरचा खिळा ठोकणारा मिस्त्री आपला शत्रू समजावा. वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यावर दगड ठेवतात, त्यांच्याखाली माती साचून पत्रा गंजतो. सिमेंटच्या पत्र्यावर मात्र थेट पाय देऊ नये, तो मोडून माणूस खाली येतो. वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावर बसावे. जुना सिमेंटचा पत्रा कोरडा कापू-फोडू नये, त्याची धूळ छातीला घातक. आणि लोखंडी पत्र्याच्या घरात वायरीवरून पाणी उतरत असेल तर आधी मेन स्विच बंद, मग बाकीचे.

आता घरकुले. रमाई आवास म्हणा, 2016 पासूनचे प्रधानमंत्री आवास म्हणा, आपल्या कितीतरी बांधवांच्या डोक्यावर पहिल्यांदा स्लॅब आला. पण अनुदान तुटपुंजे, मिस्त्री घाईत, त्यामुळे स्लॅब ताटासारखा सपाट. त्यावर पाणी साचते आणि वाट शोधते. दहा फुटांना निदान सव्वा इंच उतार हवा. कठड्याच्या आणि स्लॅबच्या सांध्यात सिमेंटचा गोल वाटा हवा, कारण तिथेच चीर पडते. आमचे सांगणे एवढेच की मिस्त्रीचे शेवटचे पैसे देण्याआधी पाण्याचा पाइप बुजवून स्लॅबवर दोन इंच पाणी एक दिवस-एक रात्र उभे करावे. तेव्हा तो हसेल, हसू द्यावे. जुन्या स्लॅबची चीर वरून छिन्नीने उकरावी, घासून धुवावी आणि वॉटरप्रूफ पावडर घातलेल्या मालाने भरावी. चार दिवस पाणी मारावे. खालून तांबूस डाग पडून पोपडे फुगले असतील तर आतली सळई गंजली आहे. त्याखाली पोरांचे अंथरूण घालू नये आणि जाणत्या माणसाला दाखवावे.

छपराचे काम लांबले तरी एक काम लांबवू नये. आपल्या घरात पत्र्याची पेटी असते आणि तीत आजोबांचा शाळेचा दाखला असतो. अनुसूचित जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. 1956 नंतर आपण बौद्ध झालो, 1990 साली केंद्राच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या. पण नातवाचे इंजिनिअरिंग आजही त्या पिवळ्या कागदावर अडते. ती पेटी कधी भिंतीला टेकून, कधी नेमकी गळक्या कोपऱ्यात. ती आजच हलवावी, विटांवर ठेवावी, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावेत, मोबाईलवर फोटो काढून दोन नातेवाइकांकडे पाठवावेत. भिजलेच तर उन्हात टाकू नयेत, इस्त्री तर मुळीच नको. कोऱ्या कागदांच्या घडीत घालून सावलीत पंख्याखाली वाळवावेत. शाळा अजून चालू असेल तर मुख्याध्यापकांकडून प्रवेश-निर्गम नोंदीचा उतारा आत्ताच मागून घ्यावा. ॲडमिशनच्या आठवड्यात तो मिळत नाही.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल, विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चे वाचन होईल. विहाराचे पत्रेही त्याआधीच बघून घ्यावेत. शिडी आणि फळी एकदाच आणावी, मिस्त्रीची हजेरी चार घरांत वाटून घ्यावी, आणि विहाराचे काम तरुणांनी बिनमजुरीचे करावे.