कम्प्युटर तुमचा, पण बटण कुणाच्या हातात? नायरापासून केरळपर्यंत, ऑपरेटिंग सिस्टिमचं राजकारण समजून घ्या

22 जुलै 2025. गुजरातमधल्या वाडीनारला देशातली दुसऱ्या क्रमांकाची मोठी रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे ईमेल अचानक बंद पडले. आउटलुक उघडेना, टीम्स चालेना. सर्व्हर बिघडला नव्हता की कुणी हॅकिंगही केलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टने सेवाच थांबवली होती.

कारण होतं युरोपियन युनियनचे निर्बंध. नायरामध्ये रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीचा 49.13 टक्के हिस्सा आहे. 18 जुलैला युरोपने रशियावर निर्बंधांची 18वी यादी जाहीर केली आणि त्यात नायराचं नाव आलं. म्हणजे कंपनी भारतात नोंदलेली, कर्मचारी भारतीय, सॉफ्टवेअरचे पैसे भरलेले, भारताच्या कायद्याने कसलीही बंदी नाही. तरीही युरोपातल्या निर्णयावरून एका अमेरिकन कंपनीने सेवा काढून घेतली.

नायराने तात्पुरता मेल रेडिफवर हलवला आणि दिल्ली हायकोर्टात धाव घेतली. 30 जुलैला मायक्रोसॉफ्टने सेवा पुन्हा सुरू केली, नायराने याचिका मागे घेतली. प्रकरण आठवड्याभरात मिटलं. पण देशाच्या एकूण तेलशुद्धीकरण क्षमतेपैकी सुमारे 8 टक्के क्षमता असलेल्या कंपनीचा मेल बाहेरून बंद होऊ शकतो, तर जिल्हा परिषदेचा, हॉस्पिटलचा किंवा कोर्टाचा होऊ शकत नाही का? हा प्रश्न तिथेच राहिला.

ओपन सोर्स म्हणजे नेमकं काय?

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कम्प्युटर सुरू केल्यावर सगळ्यात आधी चालू होणारं आणि बाकी सगळ्यांना चालवणारं सॉफ्टवेअर. विंडोज ही मायक्रोसॉफ्टची, मॅकओएस अ‍ॅपलची. लिनक्स मात्र कुणा एकाची नाही.

शेतीतलं उदाहरण घेऊ. कंपनीच्या संकरित बियाण्याचं पाकीट दर हंगामाला नव्याने आणावं लागतं. घरचं बियाणं राखून ठेवता येतं, शेजाऱ्याला देता येतं, चांगलं कणीस निवडून सुधारता येतं. विंडोज विकत घेतो तेव्हा आपण पाकीट घेतो, तेही अटींसकट. आपल्याला मिळतो तो फक्त वापरायचा परवाना. आत काय आहे ते बघता येत नाही, बदलता येत नाही. ओपन सोर्स सॉफ्टवेअर हे घरचं बियाणं. त्याचा कोड कुणीही वाचू शकतो, बदलू शकतो, वाटू शकतो.

1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत जीएनयू प्रकल्प जाहीर केला, 1991 मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. दोन्ही एकत्र आल्यावर वापरता येण्यासारखी संपूर्ण सिस्टिम तयार झाली. आज जगातले बहुतेक सर्व्हर आणि सगळे सुपरकम्प्युटर लिनक्सवर चालतात. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे.

इंग्रजीत 'फ्री सॉफ्टवेअर' म्हटलं की फुकट की स्वतंत्र असा घोळ होतो. मराठीत तो व्हायचं कारण नाही, कारण आपल्याकडे 'फुकट' आणि 'मुक्त' असे दोन सरळ शब्द आहेत. तरीही आपल्याकडची चर्चा बहुतेक वेळा 'फुकट'पाशीच थांबते.

विंडोज 10 बंद झाल्याने काय झालं?

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला. कम्प्युटर चालू राहतो, पण सुरक्षेचे अपडेट येणं बंद. विंडोज 11 वर जायचं तर टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि साधारण 2018 नंतरचा प्रोसेसर हवा. म्हणजे व्यवस्थित चालणारा जुना लॅपटॉप एका तारखेनंतर 'असुरक्षित' ठरतो. कॅनालिस या संस्थेने 2023 च्या अखेरीस अंदाज दिला होता की यामुळे जगभरातले सुमारे 24 कोटी कम्प्युटर भंगारात जाऊ शकतात.

मायक्रोसॉफ्टने आणखी एक वर्ष अपडेट द्यायची योजना काढली. त्यासाठी 30 डॉलर भरा, नाहीतर तुमच्या सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर जोडा. युरोपात ग्राहक संघटनांनी यावर आवाज उठवला आणि तिथल्या लोकांसाठी बॅकअपची अट काढली गेली. बाकी जगासाठी ती राहिली. सॉफ्टवेअर तेच, कंपनी तीच, फरक पडला तो कायदा आणि संघटित ग्राहकांमुळे. राजकारण इथेच सुरू होतं.

आपल्याकडे हा प्रश्न पैशाचा तर आहेच, पण समान संधीचाही आहे. सेकंडहँड लॅपटॉपवर शिकणारी मुलं, दान म्हणून जुने कम्प्युटर मिळालेल्या शाळा, गल्लीतलं झेरॉक्सचं दुकान. 'नवीन घ्या' हा सल्ला यांच्या कामाचा नाही. अशा मशीनवर उबंटू किंवा मिंटसारखं लिनक्स टाकलं तर ती आणखी काही वर्षं सुरक्षितपणे चालू शकतात.

म्युनिक परत का फिरलं?

मग सगळ्यांनी लिनक्सवर जायचं का? याआधी काय झालं ते बघू.

जर्मनीतल्या म्युनिक शहराने 2003 मध्ये महापालिकेचे कम्प्युटर लिनक्सवर न्यायचं ठरवलं. त्या वेळचे मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांना भेटायला गेले होते, तरी शहर मागे हटलं नाही. 2013 पर्यंत सुमारे 15 हजार कम्प्युटर 'लिमक्स' या खास तयार केलेल्या सिस्टिमवर आले. जगभर कौतुक झालं.

पुढे महापौर बदलले. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या: बाहेरून आलेली फाइल नीट उघडत नाही, अमुक सॉफ्टवेअर चालत नाही. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टचं जर्मनीतलं मुख्यालय म्युनिक शहरात आलं. 2017 मध्ये नगर परिषदेने पुन्हा विंडोजवर जायचा ठराव केला. मुख्यालयाचा आणि ठरावाचा संबंध होता की नाही यावर अजून वाद होतात. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. लिनक्सला राजकीय पाठबळ होतं तोवर प्रकल्प चालला, ते आटलं तेव्हा थांबला.

आता त्याच जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन हे राज्य पुन्हा त्या वाटेवर निघालंय. 2024 मध्ये त्यांनी 30 हजार सरकारी कम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिब्रे ऑफिस आणायचं जाहीर केलं. ऑक्टोबर 2025 मध्ये 40 हजारांहून जास्त मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टकडून ओपन सोर्स यंत्रणेवर हलवून झाले. ऑपरेटिंग सिस्टिम त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवलीय. आधी कागदपत्रं, मग मेल, मग लिनक्स. हा क्रम शहाणपणाचा आहे, कारण माणसाला स्क्रीनच्या रंगापेक्षा रोजची फाइल उघडते की नाही याचीच काळजी असते.

केरळला जे जमलं ते कसं?

यशाचं उदाहरण शोधायला युरोपात जायची गरज नाही. केरळने 2001 च्या सुमारास 'आयटी@स्कूल' हा शाळांमधला कम्प्युटर शिक्षणाचा प्रकल्प सुरू केला. सुरुवातीचा अभ्यासक्रम एका कंपनीच्या सॉफ्टवेअरभोवती फिरत होता. त्याला शिक्षक संघटनांनी आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी विरोध केला. टप्प्याटप्प्याने सरकारी आणि अनुदानित शाळा लिनक्सवर आल्या. आज 'काइट' ही सरकारी कंपनी उबंटूवर आधारित स्वतःची सिस्टिम बनवते, त्यात शाळेला लागणारी सॉफ्टवेअर आणि मल्याळम भाषा आधीच घातलेली असते. 2019 मध्ये काइटने सांगितलं होतं की 2 लाखांहून जास्त कम्प्युटरवर ही सिस्टिम वापरून परवान्यांचे सुमारे 3 हजार कोटी रुपये वाचतात.

हा आकडा सरकारी आहे आणि सगळी सॉफ्टवेअर बाजारभावाने घेतली असती असं धरून काढलेला आहे, त्यामुळे तो जपून वापरावा. माझ्या मते केरळची खरी कमाई वेगळी आहे. तिथे शिक्षकांना आधी तयार केलं गेलं. एखादी गोष्ट अडली तर कंपनीला फोन करण्याऐवजी जिल्ह्यातला प्रशिक्षित शिक्षक ती सोडवतो. आणि दर पाच वर्षांनी सरकार बदलण्याची सवय असलेल्या त्या राज्यात डाव्या आघाडीनेही आणि काँग्रेसच्या आघाडीनेही हे धोरण चालू ठेवलं. म्युनिकला नेमकं हेच साधलं नाही. घरचं बियाणं फुकट मिळतं, पण ते राखायला घरात माणूस लागतो. केरळने तो माणूस तयार केला.

महाराष्ट्र कुठे आहे?

सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे. याच संस्थेच्या चेन्नई केंद्राने 2007 मध्ये 'बॉस' ही भारतीय भाषांना धरून बनवलेली लिनक्स सिस्टिम आणली. केंद्र सरकारचं 2010 चं खुल्या मानकांचं धोरण आहे, 2015 चं ओपन सोर्सला प्राधान्य देणारं धोरण आहे. 2015 च्या धोरणानुसार सरकारी खात्याला ओपन सोर्स वगळायचं असेल तर त्याचं कारण द्यावं लागतं. कागदावर सगळं आहे.

प्रत्यक्षात महाराष्ट्रातल्या लाखो लोकांची कम्प्युटरशी पहिली ओळख झाली ती 2001 पासून सुरू असलेल्या एमएससीआयटीमधून. सरकारी नोकरीसाठीही हा कोर्स लागतो. गावोगावी कम्प्युटर पोचवण्यात त्याचा वाटा मोठा आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण त्याचा भर विंडोज आणि एमएस ऑफिसवर राहिला. त्यामुळे एका पिढीसाठी 'कम्प्युटर येतो' याचा अर्थ 'मायक्रोसॉफ्टची उत्पादनं येतात' असा झाला. ही जाहिरात कंपनीला स्वतः करावी लागली नाही.

मराठीला या परावलंबनाचा चटका आधीच बसलाय. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टाइप व्हायचा. आज ती फाइल उघडली आणि तो फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी निव्वळ कचरा दिसतो. प्रेसमधल्या, ऑफिसातल्या कित्येक जुन्या फाइल अशा अडकून पडल्यात. मजकूर आपला, पण किल्ली दुसऱ्याकडे. याउलट मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मराठी आणण्याचं बरंच काम स्वयंसेवकांनी केलंय. लिब्रे ऑफिस आज मराठीतून वापरता येतं.

स्वदेशी म्हणजे मुक्त का?

नायरा प्रकरणानंतर 'स्वदेशी सॉफ्टवेअर'ची लाट आली. केंद्रीय मंत्र्यांनी झोहो वापरायला सुरुवात केली, ऑक्टोबर 2025 मध्ये गृहमंत्री अमित शाह यांनीही आपला मेल झोहोवर हलवल्याचं जाहीर केलं. झोहो भारतीय कंपनी आहे, युरोपच्या निर्बंधांचा धोका तिथे कमी. हा फायदा खरा आहे.

पण झोहोचं ऑफिस सॉफ्टवेअर ओपन सोर्स नाही. बटण अमेरिकेतून तमिळनाडूत आलं, तुमच्या हातात आलं नाही. स्वदेशी असणं आणि मुक्त असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2023 मध्ये बातम्यांत आलेली संरक्षण मंत्रालयाची 'माया' ही सिस्टिम उबंटूवर आधारित आहे. म्हणजे गाभा जगाचा आणि ताबा आपला. मला हा मार्ग जास्त पक्का वाटतो.

मग लिनक्सला राजकारण लागू होत नाही का?

होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये लिनक्सच्या गाभ्याची देखभाल करणाऱ्यांच्या यादीतून सुमारे डझनभर रशियन प्रोग्रामरची नावं काढली गेली. कारण पुन्हा निर्बंध. टोरवाल्ड्स यांनी त्या निर्णयाची ठामपणे पाठराखण केली. मुक्त सॉफ्टवेअर सीमा मानत नाही, हा समज त्या दिवशी बऱ्याच जणांचा गेला.

तरी फरक लक्षात घ्या. त्या प्रोग्रामरची नावं गेली, पण रशियातला एकही लिनक्स कम्प्युटर बंद पडला नाही. कोड त्यांच्याकडे आहे, ते तो वापरू आणि बदलू शकतात. नायराच्या बाबतीत सेवाच गेली. अर्थात नायराकडे लिनक्स असतं आणि मेल त्याच क्लाउडवर असता, तर तो मेल तरीही बंद पडला असता. म्हणून प्रश्न फक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा नाही. डेटा कुठे आहे, कोणत्या फॉरमॅटमध्ये आहे आणि तो उचलून दुसरीकडे नेता येतो का, हे तिन्ही त्यात आले.

थोडक्यात काय?

उद्या सकाळी सगळी सरकारी ऑफिसं लिनक्सवर न्या, अशी मागणी करणं सोपं आहे, पण तसं केलं तर म्युनिकच होईल. त्यापेक्षा लहान आणि तपासता येतील अशा मागण्या करता येतात. सरकारी कागदपत्रं आणि अर्ज खुल्या फॉरमॅटमध्ये द्या. जनतेच्या पैशातून बनलेल्या सॉफ्टवेअरचा कोड शक्य तिथे जनतेला बघू द्या. नोकरीसाठी जो कम्प्युटर कोर्स सक्तीचा आहे, त्यात एका कंपनीच्या मेन्यूपेक्षा कम्प्युटरची समज शिकवा. नवीन खरेदीत ओपन सोर्स का वगळलं, हे खात्यांना लेखी विचारा. त्यासाठी माहितीचा अधिकार आहेच.

आणि घरी विंडोज 10 वाला लॅपटॉप असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एक करा. डेटाचा बॅकअप घ्या, पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट उतरवा आणि इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. वायफाय, प्रिंटर, मराठी टायपिंग चालतंय का ते तपासा. पटलं तर ठेवा, नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढा. लॅपटॉप जसा होता तसाच राहील.