गोळ्यावर करवंदं

सबमिशनं संपल्याच्या आनंदात आमच्या ग्रुपने एका एसी पार्लरमध्ये ‘स्पेशल फ्रूट गोळा’ खाल्ला. दीडशे रुपये! खाली बर्फ, त्यावर लाल-हिरवं काहीतरी, डब्यातलं अननस आणि शिखरावर एक लालभडक चेरी. माझी रूममेट ती चेरी चावत म्हणाली, “हे आमचं करवंद आहे.”

आम्ही हसलो. पण ती बरोबर होती. आपल्याकडे केकवर, आइस्क्रीमवर जी स्वस्तातली ‘चेरी’ असते ना, ती बऱ्याचदा कच्चं करवंद असतं. बिया काढायच्या, लाल रंग द्यायचा, साखरेच्या पाकात मुरवायचं, झाली चेरी! म्हणजे आपल्याच डोंगरातलं फळ आपण परक्या नावाने, चौपट पैसे देऊन खातो. आणि तेच करवंद महाड-पोलादपूरच्या रस्त्यावर एखादी मावशी पानाच्या द्रोणात घेऊन उभी असते, तेव्हा आपण गाडीची काचही खाली करत नाही.

माझी ही मैत्रीण महाड तालुक्यातल्या तळीयेजवळच्या वाडीतली. गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : “म्हणजे ती दरडवाली?” २२ जुलै २०२१ ला तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर कोसळला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. हे विसरावं असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्या प्रश्नानंतर समोरचा जो चेहरा करतो, त्याचा तिला वैताग येतो. मीही पहिल्या दिवशी तोच चेहरा केला होता.

मे महिन्यात तिच्याकडे गेले. टोपलीभर काळी करवंदं बघून माझ्या तोंडून निघालं, “वॉव, ब्लॅकबेरी!” कॉन्व्हेंटची कृपा, दुसरं काय. तिच्या आजी म्हणाल्या, “ब्लॅकबेरी न्हाय गो बाय, करवंदं ती!” आणि नंतर चार दिवस घरात मीच ‘ब्लॅकबेरी’ होते.

तिथे आम्ही गोळा केला. करवंदं दोन-तीनदा धुतली (चीक जायला हवा, नाहीतर ओठ चिकटतात), थोड्या पाण्यात शिजवून कुस्करली, गाळली, रसाइतकीच साखर आणि चिमूटभर मीठ घालून पुन्हा उकळली. रंग असा आला की काला खट्टावाल्याने लाजावं. वरून रायवळ आंब्याच्या फोडी आणि अर्धी कापलेली करवंदं. काडी मात्र रद्द, कारण फळं घातली की गोळा काडीवर टिकत नाही. वाटीच घ्यावी.

आता बर्फ. खरी भानगड इथेच आहे. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा असा नियम आपल्याकडे २०१८ पासून आहे, म्हणजे निदान ओळखता तरी यावा. पण संध्याकाळी गाडीवर, रंगीत सरबताखाली कोण बघतो? आम्ही पाणी उकळून, गार करून डब्यात गोठवलं. उकळल्याने पाण्यातली हवा जाते, त्यामुळे बर्फही जरा स्वच्छ दिसतो. फ्रीजरमधून काढल्या काढल्या किसला तर चुरा टोचतो, म्हणून वरून पाणी सुटेपर्यंत थांबायचं. आणि सरबतही गारच हवं. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. त्या हिशोबाने ३५ अंशांचं शंभर ग्रॅम सरबत ओतलं की साधारण तीस ग्रॅम बर्फ तिथेच गेला! (थर्मोचा एवढा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा झाला.)

माझं म्हणणं सोपं आहे. पिकलेलं करवंद दोन दिवसांत मऊ पडतं, म्हणून ते मिळेल त्या भावाने रस्त्यावरच विकावं लागतं. त्याचंच साखरेतलं सरबत नीट बाटलीत भरलं तर काही महिने टिकतं. कोकणात अमृत कोकम घरोघर असंच होतं. मग गोळ्यावर हीच सरबतं का नकोत? पार्लरवाल्यांना डबाबंद अननस परवडतं, तर त्या मावशींच्या घरचं करवंद का परवडू नये? आणि मेनूवर ‘करवंद’ लिहायला लाज कसली वाटते?

पुढच्या गॅदरिंगला आम्ही स्टॉल लावायचं ठरवलंय. सरबत तिच्या घरून येईल, पैसे आधी पाठवायचे, उधारी नाही. मी उत्साहात बोर्डसुद्धा लिहून काढला होता, ‘दरडग्रस्तांना मदतीचा हात’. तिने तो वाचला आणि शांतपणे फाडला. म्हणाली, “लोकांना आवडला तर घेतील. नाही आवडला तर नको घेऊ देत.”

नवीन बोर्डवर एवढंच आहे : ‘तळीयेचा करवंद गोळा, ३० रुपये’. बर्फासाठी कँटीनचा फ्रीजर मागितलाय, अजून परवानगी मिळालेली नाही.