अ‍ॅल्युमिनियमला गंज चढवणारे

लढाऊ विमानाच्या पंखाला तांबडा गंज चढत नाही. पंखाचं कातडं अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं. अ‍ॅल्युमिनियम खराब झालं की त्यावर पांढुरकी, राखाडी भुकटी धरते. लोखंडासारखे तांबडे पापुद्रे सुटत नाहीत आणि पावसाच्या पाण्याबरोबर तांबडे ओघळही येत नाहीत. हे शाळेतल्या विज्ञानाएवढं सोपं आहे. तरीही आपल्याकडच्या हौशी मॉडेलकारांच्या टेबलांवर मी जी प्लॅस्टिकची मिग, नॅट आणि जॅग्वार पाहिली, त्यांतल्या कितीतरी विमानांच्या पंखांवरून तांबडा गंज धो धो वाहत होता. करणारे अडाणी नव्हते. कुणी इंजिनियर, कुणी बँकेतला अधिकारी, एक गृहस्थ तर चक्क धातुशास्त्र शिकलेले. दिवसा यांना सगळं कळतं. रात्री हातात एअरब्रश आला की अक्कल खुंटीला टांगली जाते.

या प्रकाराला वेदरिंग म्हणतात. किट जोडायचं, सांधे पुट्टीने भरून घासायचे, रंग मारायचा, डीकॅल, म्हणजे छापील खुणा, चिकटवायची आणि मग ते कोरं करकरीत विमान वापरलेलं, ऊन-वारा-धूर खाल्लेलं दिसावं म्हणून त्यावर डाग, झीज आणि मळ रंगवायचा. या कामाला माझा काडीचाही विरोध नाही. मुंबईत दिंडोशीतल्या माझ्या दीड खोल्यांच्या संसारात मी स्वतः तेच करतो. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. विमानावरचा मळ हा पुरावा असतो. ते विमान कुठे उडालं, कुठल्या हवेत उभं राहिलं, त्याला कुणी कुठे हात लावला याची ती नोंद असते. आपल्या मंडळींनी त्या नोंदीची रांगोळी करून टाकली आहे.

आधी हिशेब करू, कारण हिशेबाला कुणी ‘तुमचं मत’ म्हणून उडवून लावू शकत नाही. बहात्तरास एक या प्रमाणात मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे ७२ मिलिमीटर. पंखावर टोकदार ब्रशने उडवलेला १ मिलिमीटरचा रंगाचा टवका म्हणजे खऱ्या पंखावर ७ सेंटिमीटरहून मोठा उघडा धातू. पत्र्यांच्या जोडाची रेघ, म्हणजे पॅनेल लाइन, प्लॅस्टिकवर ०.२ मिलिमीटर रुंद असली, तरी खऱ्या विमानात ती १४ मिलिमीटरची फट झाली. तीत करंगळी जाईल. एवढ्या फटींचं विमान धावपट्टीवर नेणाऱ्या वैमानिकाला आधी डॉक्टरकडे पाठवतील. ही फट साच्याची मर्यादा आहे, ती किटात असणारच. पण तीत काळाकुट्ट वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, ओतून, प्रत्येक रेघ ठसठशीत करून, तुम्ही साच्याच्या दोषाला दागिना बनवता. नॅटच्या पंखांचा पसारा ६.७३ मीटर होता. मॉडेलमध्ये तो साडेनऊ सेंटिमीटरच्या आत बसतो. एवढ्याशा जिवावर चौकटी-चौकटींची जाळी ओढली की नाकापेक्षा मोती जड होतो आणि खाली विमान होतं हेच विसरायला होतं.

ही खोड आली कुठून? रणगाड्यांवरून. आमच्या दिंडोशीतून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला जनरल अरुणकुमार वैद्य यांचं नाव आहे. १९६५ साली असल उत्तरच्या लढाईत ते डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे प्रमुख होते आणि त्यांच्याकडे शेर्मन रणगाडे होते. उसाच्या शेतांतून, पाणी सोडलेल्या जमिनीतून लढलेला तो पोलादी रणगाडा. त्याला चिखल शोभतो, गंज शोभतो, धूळ तर हवीच. रणगाड्यांच्या मॉडेलकारांनी यासाठी एकेक युक्ती शोधली. स्पेनमधल्या कंपन्यांनी प्रत्येक युक्तीची एकेक बाटली केली. धुळीची वेगळी, गंजाची वेगळी, ओघळाची वेगळी. त्या बाटल्या इथे आल्या आणि आपल्या मंडळींनी त्या जशाच्या तशा विमानावर ओतल्या. विमान शेतातून रांगत जात नाही, एवढा विचार करायलाही कुणी थांबलं नाही.

दुसरं कारण घराजवळचं आहे. दिंडोशीला लागून फिल्मसिटी आहे. तिथले कारागीर काल ठोकलेली प्लायवूडची भिंत आज शंभर वर्षांची करून दाखवतात. मला त्यांच्याविषयी आदर आहे, कारण ते कॅमेऱ्यासाठी काम करतात आणि तसं उघड सांगतात. आमचा मॉडेलकार मात्र तेच नाटक करतो आणि वर त्याला इतिहास म्हणतो.

खरं लढाऊ विमान स्वच्छ का असतं, हे एकदा कुणीतरी यांना सांगायला हवं. विमान पुसणं हा तपासणीचाच भाग असतो. मळलेल्या पत्र्यावर केसाएवढी भेग दिसत नाही. तेलकट पोटाखाली हायड्रॉलिकची नवी गळती ओळखू येत नाही. विमानवाहू नौकेवरची विमानं तर गोड्या पाण्याने धुवावी लागतात, कारण समुद्राचं मीठ धातू खातं. जिथे रंग निघतो तिथे लगेच नव्या रंगाचं ठिगळ बसतं. त्यामुळे नौदलाचं विमान सोललेलं कमी आणि ठिगळ लावलेलं जास्त दिसतं. नाशिकजवळ ओझरला हवाई दलाचा ११ क्रमांकाचा दुरुस्ती डेपो आहे. तिथे मिग-२९ आणि सुखोई-३० यांची पूर्ण उस्तवार होते. अशा ठिकाणाहून नवा रंग लेऊन बाहेर पडलेलं विमान लख्ख असतं. तेही तितकंच खरं विमान आहे. पण लख्ख विमान करायला आपल्याकडे कुणी धजत नाही, कारण ‘वेदरिंग येत नाही वाटतं’ असं शेजारचा म्हणेल.

मग मळ असतो कुठे? मिग-२१ घ्या. शेपटाशी, जिथून इंजिनाची आग बाहेर पडते, तिथला धातू तापून निळसर-तपकिरी झालेला असतो. पोटाखाली तेलाचे बारीक ओघळ असतात आणि ते वाऱ्याच्या दिशेने, मागे ओढल्यासारखे गेलेले असतात. उभ्या विमानातून सरळ खाली टपकलेले डाग वेगळे. इंधन भरायच्या झाकणांभोवती रंगाची चमक बदलते. पंखाच्या मुळाशी तंत्रज्ञांच्या पायांनी रंग घासला जातो. नाकावरचा शंकू धातूचा नसतो, त्याच्या आत रडार असतं. म्हणून त्याचा रंग वेगळ्या गतीने विटतो. एखादं झाकण दुसऱ्या विमानाचं काढून बसवलेलं असतं आणि त्याची छटा आजूबाजूशी जुळत नाही. एवढंच. उरलेलं विमान उन्हाने विटलेलं असतं, घाण नसतं. आणि विटणं दाखवणं हे मळ फासण्यापेक्षा दसपट कठीण काम आहे. त्याला दुधाइतका पातळ केलेला रंग, कमी दाब आणि संयम लागतो. बाटली उपडी करून ते जमत नाही.

आपल्या इतिहासात तर याहून गमतीदार गोष्टी पडल्या आहेत. १९७१ च्या युद्धासाठी उघड्या धातूच्या चकाकत्या मिग-२१ विमानांवर घाईघाईने हिरवा-मातकट रंग चढवला गेला आणि तो स्क्वाड्रनगणिक वेगळा होता. म्हणजे कारखान्याच्या चार्टात न सापडणारा, माणसांच्या हातांचा इतिहास त्या पत्र्यांवर होता. त्याच युद्धात भारतात घडवलेली मारुत विमानं राजस्थानात उत्तरलाईहून लढली. वाळूच्या वाऱ्याने पंखांच्या पुढच्या कडांचा रंग कसा झिजत असेल, हा खरा प्रश्न आहे. आपला मॉडेलकार हे शोधत नाही. तो पॅसिफिक महासागरातल्या जपानी विमानांचे दुसऱ्या महायुद्धातले फोटो बघतो, त्यांचा निघालेला रंग बघतो आणि तोच भारतीय मिगवर उतरवतो. स्वतःच्या हवाई दलाचं विमान रंगवताना उसना मळ आणणारे लोक आहेत आपण.

एका स्पर्धेत माझ्या नॅटसमोर उभे राहून एक परीक्षक म्हणाले, ‘‘काम चांगलं आहे हो, पण फारच स्वच्छ. जरा चोपायला हवं होतं.’’ मी विचारलं, ‘‘कुठल्या फोटोत चोपलेलं आहे, दाखवता?’’ त्यांनी फोटो दाखवला नाही, पुढच्या टेबलाकडे वळले. तिथे पहिलं बक्षीस मिळालं. त्या विमानाच्या काचेच्या चौकटीलाही गंज होता.

यावर हमखास येणारं उत्तर मला पाठ आहे. ‘ही कला आहे, कलाकाराला स्वातंत्र्य हवं.’ घ्या की स्वातंत्र्य! काल्पनिक विमान करा, त्यावर हवा तो मळ फासा, मी टाळ्या वाजवीन. पण शेपटावर खऱ्या विमानाचा क्रमांक लावलात, नाकाशी खऱ्या स्क्वाड्रनचं चिन्ह लावलंत, की तुम्ही साक्षीला उभे राहिलात. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर हल्ला झाला तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी नॅट हवेत नेलं आणि एकट्याने सेबर विमानांशी झुंज देत ते गेले. हवाई दलातले ते एकमेव परमवीरचक्राचे मानकरी. त्यांचं विमान म्हणून तुम्ही टेबलावर ठेवता आणि त्यावर बाटलीतला गंज ओतता, तेव्हा ते विमान राखणाऱ्या जमिनीवरच्या माणसांवर तुम्ही निष्काळजीपणाचा आरोप करत असता. साक्षीला खोटेपणा चालत नाही. दिंडोशीत सत्र न्यायालय आहे, तिथे जाऊन विचारा.

आता बाहेरच्या जगाकडे वळतो, कारण त्यालाही मोकळं सोडायचं कारण नाही. सोसायटीत माझ्या या उद्योगाला ‘खेळणी’ म्हणतात. ‘‘काका, नातवासाठी का?’’ असं विचारतात. शेजाऱ्यांना काय बोलावं, जिथे सीमाशुल्काच्या वर्गवारीतच ९५०३ या एका शीर्षकाखाली तीनचाकी सायकली, बाहुल्या, कोडी आणि लहान प्रमाणातली मॉडेलं एकाच पंगतीत बसवली आहेत. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ साली ७० वर. देशी खेळण्यांचा धंदा वाढावा म्हणून. ठीक आहे, वाढावा. पण देशी कारखान्याने नॅटचं किट काढलंय का? मारुतचं? इंग्लंडच्या एअरफिक्सची किटं काही वर्षं भारतातल्या कारखान्यांत साच्यांतून निघत होती, खोक्यावर ‘मेड इन इंडिया’ छापलेलं असायचं. म्हणजे कौशल्य इथे होतं, यंत्रं इथे होती, फक्त स्वतःचं विमान काढायची इच्छा नव्हती. मारुत हे भारतात घडवलेलं जेट लढाऊ विमान. विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या हाताखाली त्याचा आराखडा झाला, १७ जून १९६१ रोजी ते पहिल्यांदा उडालं आणि एकूण १४७ विमानं बांधली गेली. तामिया, हासेगावा, एअरफिक्स, रेव्हेल या किट कंपन्यांपैकी कुणीही त्याचं किट काढलेलं नाही. त्यांनी का काढावं? आपल्यालाच नको आहे.

आणि खऱ्या वस्तूंचं आपण काय केलं? विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू नौका. १९७१ साली तिच्यावरून सी हॉक आणि अलीझे विमानं पूर्व किनाऱ्यावर लढली. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली, मग काही वर्षं मुंबईतच संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती दारुखान्यात मोडायला निघाली. तिच्या पोलादातला काही भाग मोटारसायकलींत गेला आणि लोकांनी तो अभिमानाने विकत घेतला. ती पोलादाची होती, तिचा गंज अस्सल होता. खरा गंज दारात होता तेव्हा मुंबईने ती भंगारात जाऊ दिली. आता तोच गंज आपण बाटलीतून विकत आणून अ‍ॅल्युमिनियमला लावतो.

ओझरलाच असलेल्या विमान कारखान्यात नाशिक-निफाडकडच्या पिढ्यांनी मिग-२१ घडवली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर मिग दिसू लागलं. आता त्यांतली बरीच विमानं चौकांत आणि दरवाजांवर उभी राहतील. दर दोन-चार वर्षांनी त्यांवर रेलिंगला लावतात तो चकचकीत रंग फासला जाईल, खालची खरी खूण त्याखाली बुजेल. तिकडे खऱ्या विमानावरचा पुरावा पुसणारे, इकडे खोट्या विमानावर पुरावा रचणारे. दोघांचा दोष एकच: विमानाकडे कुणी बघत नाही.

तर माझ्या हौशी बंधूंनो, पुढची बाटली विकत घेण्याआधी एक काम करा. गोरेगावहून धीमी लोकल पकडून महालक्ष्मीला उतरा आणि वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातल्या मारुतभोवती तासभर फिरा. गोव्याला गेलात तर बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात समुद्राच्या वाऱ्यात उघड्यावर उभी असलेली सी हॉक, अलीझे आणि सी हॅरिअर बघा. रंग नक्की कुठे विटलाय, पत्र्याचा जोड किती बारीक आहे, पावसाचं पाणी कुठून गेलंय, हे वहीत काढा. मग घरी येऊन कॅमलिनच्या साध्या तैलरंगाची बोटभर ट्यूब आणि थोडं टर्पेंटाइन घ्या. तेवढ्यात सगळं होतं. आणि जे तिथे दिसलं नाही, ते मॉडेलवर लावू नका. बक्षीस गेलं तरी चालेल.