लाकडी पाटी, व्हिनाईलची अक्षरे

दुकानांवरील पाट्या मराठीत असाव्यात, या जुन्या आग्रहाला मार्च २०२२मधील कायदादुरुस्तीने धार आली. कामगार कितीही असोत, पाटीवर देवनागरीतील मराठी हवेच आणि ती अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, असे ठरले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. ती संपताच मुंबई महापालिकेची पथके तपासणीला बाहेर पडली. पाट्या कोणत्या लिपीत आहेत हे पाहिले गेले. त्या किती टिकतील, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही.

त्या दोन महिन्यांतच दसरा होता आणि दिवाळीही. ऐन हंगामात पाटी उतरवून रंगाऱ्याकडे पाठवायला कोण तयार होणार? झटपट मार्ग छापील व्हिनाईलचा. संगणकावर अक्षरे जुळवायची (जोडाक्षरे तुटली तर तुटली), छापायची आणि मागचा कागद सोलून आहे त्या पाटीवर चिकटवायची. पत्र्यावर किंवा अॅक्रिलिकवर हे खपून जाते. लाकडावर नाही. मग ती जुन्या पेठेतील सागवानी पाटी असो, की ‘गावरान’ थाटासाठी उपाहारगृहांनी मुद्दाम लावलेली खडबडीत फळी.

व्हिनाईलच्या गोंदाला सपाट, कोरडा व धूळ नसलेला पृष्ठभाग लागतो. खडबडीत फळीवर ते केवळ उंचवट्यांना टेकते आणि खाचांवर तंबूसारखे ताणून राहते. पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषून फुगते, हवा कोरडी झाली की आक्रसते. प्लास्टिकला त्या ओलाव्याचे सोयरसुतक नसते. स्वस्त व्हिनाईल तर उन्हात स्वतःच आकसते. दोघांच्या चाली जुळत नाहीत. आधी कडा उठतात, मग आत पाणी शिरते आणि काना-मात्रा गळू लागतात. दुकानदाराला पुन्हा खर्च येतोच. शिवाय गोंदासह निघालेल्या या पीव्हीसीचा पुनर्वापरही अवघड.

काम नीट करता येत नाही असे नव्हे. फळी घासून गुळगुळीत करावी, सीलरचे हात द्यावेत आणि ते पूर्ण वाळू द्यावेत. ओल्या तैलरंगातून सुटणाऱ्या वाफेने फुगे येतात. सॉल्व्हंट शाईची छपाईही लॅमिनेशनपूर्वी निदान एक दिवस मोकळी ठेवावी लागते. कास्ट प्रकारचे व्हिनाईल गरम हवेने मऊ होऊन खाचांत बरेच बसते, परंतु ते महाग. आणि फळी एवढी गुळगुळीत केल्यावर तिचा गावरानपणा तो काय उरला?

त्याहून शहाणपणाचा उपाय जाणकार कारागीर करतात. प्लॉटरवर व्हिनाईलमधून अक्षरे कापून काढायची, उरलेला साचा फळीवर चिकटवायचा, त्यातून रंग भरायचा आणि साचा सोलून टाकायचा. रंग लाकडाच्या रेषांत मुरतो, सोलण्यासारखे मागे काही उरत नाही. अक्षर फिके पडले तर त्याच साच्यावरून पुन्हा हात देता येतो, कारण संगणकात त्याची प्रत असते. छपाईयंत्राने ज्याचे काम नेले, त्या रंगाऱ्याच्या हाताला इथे पुन्हा जागा आहे. त्यासाठी त्याला दोन दिवस द्यावे लागतात, आणि तेही सणासुदीच्या धामधुमीत नव्हेत.