आजव्याला कशाला शिव्या?

पाऊस लागला की आपल्या बडोदेकरांत एकच आकडा फिरतो: आजवा किती झाला? 211 फूट ऐकलं की धडधड सुरू, आणि शहरात पाणी शिरलं की शिव्या आजव्याला. 2024 च्या ऑगस्टातही तेच. "तलाव आधीच खाली का नाही केला?" हा मेसेज मला इतक्या वेळा आला की शेवटी उत्तर द्यायचं सोडलं. आज देतो.

आजवा, म्हणजे सयाजी सरोवर, महाराजांनी बांधला तो पिण्याच्या पाण्यासाठी, पूर अडवायला नव्हे. रावपुऱ्यातल्या आमच्या वाड्यात नळाला यायचं ते तिथलंच पाणी, उताराने आलेलं. आजही शहराच्या पूर्व भागाला तेच जातं. जुलैत तळं रिकामं केलं आणि पुढे पावसाने दडी मारली, तर मे महिन्यात टँकरमागे बादली घेऊन हेच लोक ओरडणार!

आणि विश्वामित्रीत फक्त आजव्याचंच पाणी येतं का हो? 31 जुलै 2019 ला खुद्द शहरावर दिवसभरात 20 इंचांच्या आसपास पाऊस पडला. तो कुठल्या दरवाजातून सोडला होता?

काळाघोड्याला धोक्याची पातळी 26 फूट. 2024 ला नदी 35 च्या वर गेली. कारण तिला पसरायला जागाच उरली नाही. नदीच्या दोन्ही अंगांना कोतरं होती. मगरींच्या भीतीने आम्हा पोरांना तिकडे फिरकू देत नसत. पुराचं पाणी त्या कोतरांत शिरायचं, थांबायचं, सावकाश ओसरायचं. ती भराव टाकून बुजवली आणि वर सोसायट्या उठवल्या. बँकेत असताना घरकर्जाच्या शेकडो फायली माझ्या टेबलावरून गेल्या. टायटल क्लिअर, एन.ए. झालेलं, रजाचिठ्ठी जोडलेली, सगळं चोख. पावसाचं पाणी कुठून जाणार, हा रकाना मात्र कुठल्याच फॉर्मात नव्हता.

2025 मध्ये नदी खोल-रुंद केली, आजव्यातला गाळ काढला. चांगलं केलं, बोलणार नाही. पण बुजवलेलं कोतर गाळ काढून परत येत नाही. पूररेषा कागदावर नको, जमिनीवर दगड रोवून दाखवा, आणि त्याच्या आत एक टोपलीही माती पडू देऊ नका. नगरसेवक मत मागायला येतील तेव्हा हे विचारायचं, आजव्याची पातळी नाही.

आणि पुढच्या वेळी 211 चा मेसेज टाकाल, तेव्हा त्याच्याखाली आपल्या सोसायटीच्या जागेचा जुना नकाशाही टाका. तिथे आधी काय होतं ते सगळ्यांनाच बघू द्या.