‘सहेली’चा धडा आणि पाच हजार कोटी

औषध-संशोधनाला चालना देण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये पाच हजार कोटी रुपयांची ‘प्रिप’ योजना आणली. त्यातील सातशे कोटी ‘नायपर’ या सात राष्ट्रीय औषधशिक्षण संस्थांमधील उत्कृष्टता केंद्रांसाठी, तर उरलेल्यापैकी बहुतेक रक्कम उद्योगांच्या संशोधन प्रकल्पांसाठी आहे. योजनेची मुदत २०२७-२८ पर्यंतची. खर्चाचा हिशेब तेव्हा मांडला जाईलच. पण हा पैसा नेमका कोणत्या विद्येसाठी हवा होता, हे त्याआधी पाहणे बरे.

दुसऱ्यांनी शोधलेले औषध स्वस्तात बनवण्याची विद्या आपल्याकडे आहे. न्या. राजगोपाल अय्यंगार यांचा १९५९ चा अहवाल आणि १९७० चा पेटंट कायदा यांनी तिची पायाभरणी केली. औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या प्रक्रियेलाच पेटंट, या तरतुदीवर हा उद्योग वाढला. २००५ मध्ये ती सवलत संपली. नवा रेणू घडवण्याची विद्या मात्र निराळी आहे.

पेशींच्या पृष्ठभागावर किंवा आत रिसेप्टर, म्हणजे ग्राही प्रथिने असतात. औषधाचा लहानसा रेणू त्यांत किल्लीसारखा बसतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. अडचण अशी की, शरीरात एकाच कारखान्यातली वाटावीत अशी कुलपे जागोजागी बसवलेली आहेत. एकट्या सेरोटोनिनच्या ग्राहींचे चौदाच्या आसपास प्रकार आहेत. फेनफ्लुरामीन हे भूक मंदावणारे औषध १९९७ मध्ये अमेरिकेत बाजारातून काढून घ्यावे लागले. शरीरात त्यापासून तयार होणारा रेणू हृदयाच्या झडपांवरील सेरोटोनिन-ग्राहीलाही चेतवत होता. हवे ते कुलूप उघडणे तुलनेने सोपे. शेजारची न उघडणे, हे खरे कौशल्य.

हे कौशल्य भारताच्या सरकारी प्रयोगशाळेत होते, याचा आज जवळजवळ विसर पडला आहे. केंद्रीय औषध संशोधन संस्था १९५१ मध्ये लखनौच्या छत्तर मंझिलमध्ये, अवधच्या नवाबांच्या जुन्या राजवाड्यात सुरू झाली. तेथे डॉ. नित्य आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेंटक्रोमन’ हा रेणू घडवला. तो स्टेरॉइड नाही. गर्भाशयात तो इस्ट्रोजेनच्या ग्राहीला अडवतो, तर हाडांसारख्या अन्य ऊतींत काही अंशी इस्ट्रोजेनसारखेच काम करतो. ग्राही तोच, पण रेणू बसल्यावर त्याचा आकार किंचित बदलतो आणि त्या-त्या ऊतीतील सहायक प्रथिने त्या आकाराला वेगवेगळा प्रतिसाद देतात. या ग्राहीची नेमकी रचना जगाला १९९० च्या दशकात दिसली. लखनौच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याआधी, एकेक अणुगट बदलून पाहत ही वाट शोधली होती. याच सुमारास ब्रिटनमध्ये टॅमॉक्सिफेनही गर्भनिरोधक म्हणूनच हाती घेतले गेले. त्या कामी ते फसले आणि पुढे स्तनाच्या कर्करोगावरील औषध ठरले.

सेंटक्रोमन १९९१ मध्ये ‘सहेली’ नावाने बाजारात आले. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदाच घ्यायची ही गोळी. परंतु सरकारी आरोग्य केंद्रांतून ती ‘छाया’ नावाने मोफत मिळू लागली ती २०१६ नंतर, म्हणजे पंचवीस वर्षांनी. रसायनशास्त्राने आपले काम केले होते; विलंब झाला तो आम्हा प्रशासकांच्या प्रांतात.

खासगी उद्योगाचा अनुभव वेगळा, पण तितकाच बोलका. डॉ. रेड्डीज कंपनीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मधुमेहावरील आपले रेणू डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्कला विकासासाठी दिले. त्यांपैकी रागाग्लिटाझार एकाच कुळातील दोन ग्राहींना चेतवणारा होता. प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या मूत्राशयात गाठी आढळल्याने २००२ मध्ये त्याच्या चाचण्या थांबल्या. त्याच दोन ग्राहींवर काम करणाऱ्या झायडसच्या सारोग्लिटाझारला २०१३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. एक फसला, दुसरा टिकला. कोणत्या बदलाने काय घडते हे अशा फसण्यातूनच कळते. पण ते ज्ञान कंपन्यांच्या कपाटांत राहते.

आणि फसण्यासाठी आपल्या सरकारी लेख्यांत शीर्ष नाही. उपयोगिता प्रमाणपत्र, टप्पेनिहाय उद्दिष्टे, पुढचा हप्ता ही साखळी रस्त्याच्या कामाला शोभते. सात वर्षांनी सोडून द्यावा लागलेला रेणू तिच्यात ‘निष्फळ खर्च’ ठरतो आणि लेखापरीक्षणाचा परिच्छेद होतो. तो परिच्छेद टाळू पाहणारा संचालक साहजिकच सुरक्षित विषय निवडतो. जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांची थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख केली, हे स्वागतार्हच. पण तेवढ्याने ही भीती जात नाही. त्याच वर्षी मंजूर झालेला एक लाख कोटींचा संशोधन निधीही मुख्यतः दीर्घ मुदतीचे स्वस्त कर्ज आणि भागभांडवल यांच्या रूपात आहे, तोही प्राथमिक पायऱ्या ओलांडलेल्या प्रकल्पांसाठी. ग्राहीची निवडकता तपासण्याचे काम तर त्या प्राथमिक पायऱ्यांवरच चालते. तेथे अनुदानाला पर्याय नाही.

‘प्रिप’च्या मूल्यमापनात किती पेटंटे नोंदली गेली, असा रकाना असणारच. सरकारी पैशाने घडवलेला कोणता रेणू कोणत्या ग्राहीपाशी फसला आणि का, हा रकाना त्याच्या शेजारी घालून ती नोंद सर्व संस्थांना खुली करता येईल. त्यासाठी कायदा लागत नाही की नवी तरतूद. औषधनिर्माण विभागाचे एक परिपत्रक पुरेल.